गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातले. मग त्यावरचे भुंगे सूर्यफूल खातील का?

प्रश्न : गावच्या गायरानात गाजर गवत खाऊन संपवणारे मेक्सिकन भुंगे सोडायचे ठरले आहे. शेजारीच माझे दीड एकर सूर्यफूल आहे. मुलगा म्हणतो, दोन्ही एकाच कुळातली, भुंगे पिकावर येतील. बांधावर माका आणि एकदांडीही आहे, तीही त्याच कुळातली म्हणे. सगळेच उपटून टाकू का? (एक शेतकरी, ता. औसा)

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. गाजर गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) आणि सूर्यफूल दोन्ही ॲस्टरेसी कुळातली. पण तुमच्या भागातली करडई, कारळे, दारातला झेंडू, शेवंती हीदेखील त्याच कुळातली. एवढी मोठी भावकी म्हटल्यावर सगळ्यांची चूल एक नसणारच. कीड कशावर जगेल हे पाहायचे तर कुळाच्या खाली उतरून गण, उपगण आणि प्रजाती पाहावी लागते.

गाजर गवत आणि सूर्यफूल यांचा हेलिअँथी हा गणही एकच आहे, म्हणून शंका येणे साहजिक आहे. उपगणात मात्र दोघे वेगळे होतात. गाजर गवताच्या उपगणात त्याच्यासोबत आहे ते शंकेश्वर, म्हणजे काटेरी फळे धोतराला चिकटतात ते. हे भुंगे थोडेफार शंकेश्वराची पाने खाताना आढळले आहेत, त्याचे कारण हेच जवळचे नाते.

हा भुंगा (झायगोग्रामा बायकोलोराटा) मेक्सिकोतून आणून, चाचण्या घेऊन १९८४ साली बंगळूर भागात प्रथम सोडला गेला. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि बराच गदारोळ झाला. सरकारला समिती नेमावी लागली. अभ्यासात असे दिसले, की शेजारच्या गाजर गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते आणि त्यामुळे भुंगे पाने कुरतडत होते. सूर्यफुलावर त्यांची पिढी वाढत नाही, पिकाला धोका नाही, असाच निष्कर्ष निघाला. तेव्हा भुंगे खुशाल सोडा.

तुमच्या पिकाला खरी भीती भुंग्यांची नाही, गाजर गवताच्या त्याच परागकणांची आहे. सूर्यफुलावर नेक्रोसिस नावाचा विषाणूजन्य रोग येतो. १९९७ मध्ये तो कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर दिसला. पान मधल्या शिरेपासून करपते, पिळवटते, देठ आणि खोड काळे पडते, फूल वाकडे होते. हा विषाणू गाजर गवतात असतो, पण झाड वरून ठणठणीत दिसते. त्याचे परागकण फुलकिडे या बारीक किडींच्या अंगाला चिकटून सूर्यफुलावर येतात आणि फुलकिडे खरवडतात त्या जखमांतून विषाणू आत शिरतो. भुईमुगातही हा रोग येतो. म्हणून बांधावरचे गाजर गवत फुलोऱ्यात येण्याआधीच निघाले पाहिजे. फूल आल्यावर उपटणे म्हणजे उशीरच, शिवाय उपटताना परागकण उडतात ते वेगळेच.

गाजर गवताचे फूल एकदा हातात घेऊन नीट बघा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा गुच्छ असतो. त्याच्या कडेला पाच कोपऱ्यांवर पाच बारीक पाकळ्या दिसतात. ही पाच वेगळी फुले आहेत आणि बी फक्त त्यांनाच धरते. मधली फुले परागापुरती. म्हणजे एका गुच्छातून पाचच बिया, पण एका झाडावर गुच्छ इतके, की बियांची संख्या हजारोंत जाते. बी हलके असल्याने पाटाच्या पाण्याबरोबर वाहून शेतात येते.

आता माका आणि एकदांडी. माक्याची पाने समोरासमोर, लांबट आणि खरखरीत असतात. तो ओलीत वाढतो आणि पाने चुरगाळली की हात काळपट होतो. एकदांडी जमिनीलगत पसरते, तिच्या उंच बारीक दांड्यावर एकच फूल असते, पिवळ्या मध्याभोवती दातेरी पांढरट पाकळ्यांचे. गाजर गवताची पाने एकाआड एक आणि खोलवर चिरलेली असतात, खोडावर उभ्या रेघा असतात. कोवळेपणी ते जमिनीला चिकटून चक्रासारखे पसरते. उपटायला तीच वेळ सोपी. माका, एकदांडी पिकाच्या ओळीत असतील तर खुरपणीत जातील. बांधावर त्यांच्यामागे लागण्याची गरज नाही, आधी गाजर गवत संपवा.

दुकानदार तृणवर्गीय तणांसाठीचे क्विझालोफॉप हे तणनाशक देऊ लागला तर घेऊ नका. गाजर गवत रुंद पानाचे आहे, त्यावर ते चालत नाही. रुंद पानावर चालणारे २,४-डी सूर्यफुलाजवळ मारले तर वाऱ्याने उडून पीकच पिळवटेल. शेताभोवती हातानेच उपटा, पण हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो. बी धरण्याआधी उपटलेले झाड खड्ड्यात कुजवून खत करता येते.

भुंगे गायरानातच सोडा, पावसाळ्यात, पाने कोवळी असताना. तिथे तणनाशक किंवा कीटकनाशक मारू नका. हिवाळ्यात ते जमिनीत दडतात, म्हणून पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही तरी ती जागा नांगरू नका. रिकाम्या जागेत तरोट्याचे बी फेकून ठेवा, तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. सूर्यफुलाभोवती पुढच्या हंगामात ज्वारीच्या तीन-चार ओळी पिकाच्या आधी पेरा, म्हणजे वाऱ्यावर येणारे फुलकिडे आणि पराग बरेचसे तिथेच अडतील.