तेलाचा चटका आणि टूथपेस्टचा लेप

प्रश्न : चकल्या तळताना कढईतले तेल माझ्या उजव्या हाताच्या पंजावर उडाले. सासूबाईंनी घाईने टूथपेस्ट लावली आणि क्षणभर गार वाटले; पण रात्री आग वाढली आणि सकाळी रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला. तो सुईने फोडावा का? डाग राहील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फोड मुळीच फोडू नका. त्याच्यावरची पातळ कातडी ही खालच्या कोवळ्या त्वचेचे निसर्गाने दिलेले आवरण असते आणि ते फाटले की जंतूंना वाट मोकळी होते.

टूथपेस्ट सासूबाईंनी मायेने लावली, हे मी जाणतो. परंतु चटका बसल्यानंतरही कातडीत साठलेली उष्णता आतल्या थरांना पोळत राहते आणि ती काढून घेण्याचे काम वाहते पाणीच करू शकते. नळाखाली हात पूर्ण 20 मिनिटे धरावा. हा वेळ फार वाटतो, बहुतेक जण दोन मिनिटांत हात बाहेर काढतात, म्हणून घड्याळ लावूनच धरावा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले साधे पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केले तरी या उपायाचा उपयोग होतो. बर्फ मात्र लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसून आधीच दुखावलेल्या त्वचेची अधिक हानी होते. तूप आणि तेल उष्णता आतच कोंडून ठेवतात, तर हळदीच्या पिवळ्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही.

पाणी ओततानाच बांगड्या व अंगठ्या काढायला हव्या होत्या. सूज चढली की त्या मनगटात व बोटांत रुततात आणि कापून काढाव्या लागतात. अजून हातात असतील तर आताच काढा. चिकटलेली पेस्ट खरवडू नका, साध्या पाण्याने हलकेच भिजवून निघेल तेवढीच काढा आणि वर न चिकटणारी स्वच्छ पट्टी सैलसर बांधा. कापूस लावू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

एवढे करून आजच डॉक्टरांना हात दाखवा. फोड लहान असला तरी पंजा, चेहरा, पाय, सांधे किंवा गुप्तांगावर भाजले असेल तर घरी वाट पाहू नये. तसेच तळहाताहून मोठी जखम, पांढरट पडलेली न दुखणारी त्वचा, विजेचा वा रसायनाचा चटका आणि लहान मुले वा वृद्ध यांच्या बाबतीतही. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आठवत नसेल तर तेही विचारून घ्या.

डागाविषयी : वरवरची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते आणि सहसा मोठा व्रण राहत नाही. मात्र नव्या गुलाबी त्वचेवर ऊन पडू देऊ नका, कारण त्याने ती काळवंडते.