दुमडलेलं पान

प्रिय मावशी,

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. फुफ्फुसाचा कॅन्सर, आता यकृतातही पसरलाय. दोन प्रकारची केमो झाली, दुसरी तर मध्येच बंद करावी लागली. डॉक्टरांनी आता एका नव्या औषधाच्या फेज वन ट्रायलबद्दल सांगितलंय. नवं औषध आहे म्हणजे जुन्यापेक्षा चांगलंच असणार ना? नाहीतर आमच्याकडे काहीच उरलेलं नाही. दादा म्हणतो, 'बाबांचा उंदीर करू नकोस.' आमचं बोलणं जवळजवळ बंद झालंय. आई नाही. बाबा म्हणतात, 'तुम्ही दोघं ठरवा.' संमतीपत्र २८ पानांचं आहे. बाबांनी ते दोन रात्री उशाशी ठेवलं होतं, एका पानाचा कोपराही दुमडला होता. मी तो सरळ करून सगळं फाइलला लावलं. सोमवारपर्यंत कळवायचंय. दादाला कसं पटवू? की मी एकटीनेच ठरवून टाकू?

— एक मुलगी

अगं मुली,

कुठलं पान होतं ते?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या भावाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा. तिसऱ्यांदा त्या दुमडलेल्या कोपऱ्यापाशी अडले ती अडलेच. तू ते जाता जाता लिहिलंस, आपण किती नीटनेटक्या आहोत हे सांगावं तसं. मला विचारशील तर अख्ख्या पत्रात बाबा बोललेत ते तेवढ्याच जागी. 'तुम्ही दोघं ठरवा' हे बोलणं नव्हे. भांडणाऱ्या दोन पोरांच्या मधून माणूस बाजूला सरकतो, तसं सरकणं आहे ते. ज्याला खरंच दुसऱ्यांवर सोपवायचं असतं, तो २८ पानं उशाशी घेऊन झोपत नाही. आणि त्यातलं एक पान पुन्हा सापडावं म्हणून खूण तर मुळीच करत नाही.

ती खूण तू पुसलीस. मुद्दाम नाही, कळतंय मला. पण पुसलीस.

दादाला कसं पटवायचं, ते मी सांगणार नाही. सही त्याची नाही, तुझीही नाही. बाबा शुद्धीवर आहेत, वाचताहेत, त्यांना कळतंय. तेव्हा 'एकटीनेच ठरवून टाकू का' हा प्रश्न तू मला विचारूच नयेस. संमती ज्याच्या शरीरावर प्रयोग व्हायचा त्यानेच आणि स्वखुशीने द्यायची, हे १९४७ साली, कैद्यांवर बळजबरीने प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या निकालात, नियमांच्या पहिल्याच कलमात लिहिलं गेलं, आणि ते का लिहावं लागलं हे जगाला ठाऊक आहे. प्रेमळ मुलीसाठी त्यात वेगळी सवलत नाही.

आता 'नवं म्हणजे चांगलंच' याबद्दल. फेज वनमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात, औषधाला विचारलेला पहिला प्रश्न 'हे लागू पडतं का' असा नसतोच. 'माणसाला हे किती झेपतं' असा असतो. जुनी, अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणारी पद्धत साधी आहे. तिघांना कमी डोस द्यायचा आणि काही आठवडे बघायचं. कुणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला, तर त्याच पायरीवर आणखी तिघे. दोघांना झाला, की वर चढणं थांबलं. बाबा कुठल्या पायरीवर येतील, ते बाबा ठरवणार नाहीत, तूही नाही. त्या आठवड्यात कुठली पायरी चालू आहे त्यावर ते ठरतं. खालच्या पायरीवर औषध इतकं थोडं असू शकतं की त्याचा ना त्रास ना उपयोग. वरच्या पायरीवर दोन्ही वाढू शकतात.

आकडे हवेत ना? २००५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. १९९१ ते २००२ मधल्या कॅन्सरच्या ४६० फेज वन चाचण्या, जवळपास १२,००० माणसं. गाठ ठरलेल्या मापाइतकी लहान झाली असे शंभरात साधारण १०.६. औषधाच्या त्रासाने दगावले ते हजारात पाचाहून किंचित कमी. गाठ लहान होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हेही लक्षात ठेव. त्यानंतर औषधं बदलली, गाठीतला नेमका जनुकीय बिघाड बघून माणसं निवडतात अशा चाचण्यांमध्ये चित्र यापेक्षा बरं असू शकतं. बाबांची चाचणी तशी आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं. तू विचारलंयस का? पत्रात तरी दिसलं नाही.

आणि दादा हे वाचत असेल तर त्यालाही ऐकवते. उंदरांची पाळी आधीच होऊन गेलेली असते. उंदराला कुणी २८ पानं वाचायला देत नाही आणि नको म्हणायची सोयही ठेवत नाही. १९९८ मध्ये इमॅटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरच्या गोळीची फेज वन चाचणी २५ मिलिग्रॅमपासून सुरू झाली होती. पुढे ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त तपासणीत पूर्ववत झालं. असं क्वचित होतं, आणि तो आजार बाबांच्या आजारापेक्षा फार वेगळा. पण होतं. तेव्हा तुमच्या भांडणात तुम्ही दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि त्याचा बाबांना काडीचाही उपयोग नाही.

पुन्हा पानाकडे येते. अशी संमतीपत्रं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते, कुठलंही पान कोपरा दुमडण्यासारखं असतं. एका पानावर वेळापत्रकाचा तक्ता असतो, वर दिवस, डावीकडे तपासण्या, मध्ये फुल्याच फुल्या. पहिला डोस दिला त्या दिवशी हाताला सुई लावून ठेवतात आणि अर्ध्या तासाने, तासाने, दोन, चार, आठ तासांनी, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असं रक्त घेत राहतात. औषध अंगात किती वेळ टिकतं ते कळायला हवं ना. म्हणजे अख्खा दिवस खाटेवर. बाबांनी त्या फुल्या मोजल्या असतील. त्यांच्याकडे उरलेल्या दिवसांतले किती दिवस खाटेवर जाणार, याचा हिशेब तू केला नाहीस, त्यांनी केला असेल.

नाहीतर ते बायोप्सीचं पान असेल. उपचारासाठी नव्हे, अभ्यासासाठी गाठीचा तुकडा पुन्हा काढणार, असं तिथे लिहिलेलं असतं. किंवा आधीचं औषध अंगातून उतरावं म्हणून काही आठवडे काहीच न घेता थांबायचं, ते पान. किंवा तुझ्या मनाविरुद्धचं एखादं, 'तुम्हाला स्वतःला यातून फायदा होईलच असं नाही, पण मिळालेली माहिती पुढच्या रुग्णांच्या कामी येऊ शकेल.' हे वाचून काही माणसं फॉर्म मिटतात. काही माणसांना नेमकं तेच हवं असतं. तुझे बाबा यातले कोण, ते मला सांगता येणार नाही. आणि मुली, तुझ्या पत्रावरून वाटतं की तुलाही सांगता येणार नाही.

किंवा 'कोणत्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येईल' ही ओळ असेल. तीही प्रत्येक फॉर्ममध्ये असते. सही करून आपण पोरांच्या हातात अडकलो तर सुटायचं कसं, हे कदाचित बघत असतील.

माझी थोरली बहीण गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिची फाइल मी लावायचे. रिपोर्ट तारखेप्रमाणे, रंगीत खुणा, कुठलाही कागद अर्ध्या मिनिटात काढून देत असे, डॉक्टरसुद्धा कौतुक करायचे. ती गेल्यावर उशीच्या अभ्र्यात एक चिठ्ठी सापडली. तिच्या अक्षरात चार प्रश्न होते, डॉक्टरांना विचारायचे. त्यातला एकही मी कधी विचारला नव्हता. हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

'नाहीतर काहीच उरलेलं नाही' असं तू म्हणतेस, तेही खरं नाही. दुखणं, धाप, झोप, भूक याकडे बघणारे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर असतात, आणि ते ट्रायल सोडलेल्यांसाठीच असतात असं नाही. २०१० मध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्या १५१ जणांवरचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही काळजी मिळालेल्यांपैकी निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, न मिळालेल्यांपैकी निम्मे ८.९ महिन्यांहून जास्त. बाबांचा आजार पुढे गेलाय, तेव्हा हे आकडे त्यांना तसेच लावू नकोस. पण बाबा हो म्हणोत की नाही, त्या डॉक्टरांची वेळ घे.

सोमवारचं ओझं घेऊ नकोस. ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला फोन करून सांग, वडिलांना अजून विचारायचंय, वेळ हवा. विचारायला वेळ देणं त्यांचं कामच आहे. तेवढ्यात जागा भरली तर भरली.

आज संध्याकाळी एकच कर. फाइलमधून ते संमतीपत्र काढ. भोकं पडली असतील, पडू देत. बाबांच्या शेजारी बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. कागदावरची घडीची रेघ सहजासहजी जात नाही, त्यामुळे ते पान तुलाही सापडेल, पण तू शोधू नकोस. अख्खा गठ्ठा त्यांच्या हातात दे, सोबत पेन्सिल दे. पेन नको, पेन दिसलं की सही मागायला आलीस असं वाटेल. म्हण, 'बाबा, तुम्ही कोपरा दुमडला होता, तो मी चुकून सरळ केला. कुठलं पान होतं?'

मग गप्प बस. ते पानं उलटतील, चष्मा शोधतील, 'राहू दे गं' म्हणतील. तरी उठू नकोस. दादाला फोन उद्या कर.

— मावशी