खाणावळ की खानावळ? आणि हॉटेलात आपण जेवतो कसे?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "जुन्या मुंबईविषयी वाचताना ‘खाणावळ’ भेटते, हल्लीच्या पाट्यांवर मात्र ‘खानावळ’. बरोबर कोणते? आणि इंग्रजीत हॉटेल म्हणजे उतरायची जागा असताना आपण हॉटेलात जेवायला कसे जातो?" दोन्ही प्रश्न एकत्र विचारले ते बरे केले. इंग्रजी अमदानीतल्या मुंबईत हे दोन शब्द शेजारी शेजारी राहिले आणि एकमेकांमुळेच त्यांचे अर्थ पक्के झाले, असे मला वाटते.

आधी ण आणि न. खाणावळीतला ‘खाण’ हा खाण्यातलाच. त्यापुढे जो प्रत्यय आहे तो मराठीत कामाच्या मोबदल्यासाठी येतो. शिंप्याला द्यायची ती शिवणावळ, परटाची धुणावळ, रंगाऱ्याची रंगणावळ, सोनाराची घडणावळ, पिंजाऱ्याची पिंजणावळ, गिरणीवाल्याची दळणावळ, भडभुंज्याची भाजणावळ. यातल्या प्रत्येक ठिकाणी माल गिऱ्हाइकाचा असतो आणि कारागीर फक्त मेहनतीचे पैसे घेतो. दागिना घडवताना सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी, हा हिशेब आजही पेढीवर तसाच होतो. तेव्हा खाणावळ म्हणजे मुळात खाण्याबद्दल द्यायचे पैसे, आणि मग ते पैसे देऊन जिथे जेवायचे ती जागा.

इथे कोणी म्हणेल, कपडे परीट धुतो, पण खाणावळीत खातो तो गिऱ्हाईकच. मग मोबदला कशाचा? गायरानात जनावर चरते आणि त्याचे पैसे म्हणजे चराई, तसेच हे. क्रिया कोणाची का असेना, तिच्यापोटी पैसे द्यावे लागतात एवढे पुरते.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे: मग ‘जेवणावळ’चे काय? जेवणावळीत तर कोणी पैसे देत नाही. देत नाही, कारण तिथला ‘आवळ’ वेगळ्या घरचा आहे. तो संस्कृत ‘आवली’, म्हणजे ओळ. वंशावळ, नामावळ, पत्रावळ यांच्यात तोच आहे. जेवणावळ म्हणजे जेवणाऱ्यांची रांग, पंगत. लग्नामुंजीच्या जेवणावळी उठतात, खाणावळी उठत नाहीत. खाणावळ चालते किंवा बसते. एक दिसायला दुसरीसारखी, पण एकीत यजमान आहे आणि दुसरीत मालक. वाचकाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही या फरकातूनच निघते.

आता न. ‘खानावळ’ हे रूप इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दवाखाना, कारखाना, छापखाना या फारसी वळणाच्या शब्दांमुळे कानाला ‘खाना’ ओळखीचा वाटतो, वर हिंदीतला ‘खाना’ आहेच. शिवाय ज्या कामगारांनी मुंबईतल्या खाणावळी चालत्या ठेवल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या बोलीत पाणी हे पानीच आणि लोणी हे लोनीच होते. त्यांच्या तोंडी ती खानावळच असणार. लिहिताना मी ण लिहितो, कारण त्याने धुणावळ-शिवणावळीशी असलेले नाते डोळ्यांना दिसते.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळीपर्यंत गिरण्या झाल्या. कोकणातून आणि घाटावरून येणारा कामगार बहुतेक एकटा यायचा, बायकापोरे गावी. मुक्कामाचा प्रश्न तो पैसे टाकून सोडवत नसे. गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळे, पाळीप्रमाणे एक उठला की दुसरा आडवा होई. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांसाठी आणि स्वयंपाक्यांसाठी धोबीतलावाच्या बाजूला गावागावांच्या ‘कुडी’, म्हणजे सामायिक मुक्कामाच्या जागा, होत्या. यात्रेकरूला धर्मशाळा, सरकारी कामाला आलेल्याला दूरच्या मावशीचे घर. सगळ्यांची अडचण एकच, जेवण. ते विकत घ्यावे लागे.

म्हणून खाणावळ. ती बहुधा एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालवत असे. पहाटेच्या पाळीआधी भाकरी तयार, दुपारी डबा, रात्री ताट. पैसे महिन्याचे आणि तेही पगार झाल्यावर. गिरण्यांचा पगार उशिरा होई, त्यामुळे पहिले कित्येक आठवडे तीच उधारीवर जेवू घाली. तिला पाटी लागत नसे. नवा माणूस बोरीबंदरला किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरला की गाववालाच त्याला तिच्याकडे नेई. मालवणच्याला माशाचे तिखट हवे, साताऱ्याच्याला भाकरीबरोबर झणझणीत कोरड्यास हवे. खाणावळ जिल्ह्याची, तालुक्याची असे आणि हीच तिची जाहिरात. या बायकांच्या कष्टांची नोंद शहराने फार उशिरा घेतली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुठे ‘खाणावळवाली’ हा शब्द धंद्याचे नाव म्हणून कागदावर आला. माझ्या मते मुंबईच्या इतिहासातला हा फार मोलाचा शब्द आहे.

हॉटेल त्याच शहरात दुसऱ्या टोकाने आले. काळ्या घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल १८७१ मध्ये उघडले. जॉन वॉटसन हा मूळचा कापडदुकानदार. हॉटेलचा बिडाचा सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने आणला होता. गिऱ्हाईक युरोपियन. ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ ला तिथेच दाखवली गेली. अपोलो बंदरावरचे ताजमहाल १९०३ मध्ये सुरू झाले. अशा हॉटेलांत उतरणे, जेवणे, पिणे सगळेच असे; पण मराठी माणसाच्या लेखी त्यातला उतरण्याचा भाग कामाचाच नव्हता, कारण ती सोय नात्यागोत्यात आणि गाववाल्यांत झालेली होती. मेजावर बसून, परक्या हातचे, रोख पैसे देऊन खायचे ही त्यातली नवी गोष्ट होती, आणि शब्द तिलाच चिकटला. हा माझा अंदाज आहे, पण तो पटण्याजोगा आहे. तमिळ आणि कन्नड मुलुखातही हॉटेल म्हणजे आधी इडली-कॉफी, खोली नंतर. इराण्यांच्या दुकानावर पाटी ‘कॅफे’ किंवा ‘रेस्टॉरंट अँड स्टोअर्स’ अशी, गिऱ्हाईक मात्र ब्रून-मस्का खायला ‘इराण्याच्या हॉटेलात’ जाई. मुक्कामाच्या जागेला मग ‘लॉज’ आणि ‘बोर्डिंग-लॉजिंग’ असे वेगळे शब्द घ्यावे लागले.

परक्या हातचे खाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये पुढे आलेल्या चहाचे प्रकरण किती पेटले! हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली, त्यांत टिळक आणि रानडे होते, आणि वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. गिऱ्हाइकाच्या मनात ही धास्ती असताना हॉटेलवाल्याला पाटीवर आधी तिचेच उत्तर द्यावे लागे. म्हणून ‘ब्राह्मणी’, ‘हिंदू’, ‘मराठा’ ही विशेषणे. ही विशेषणे काहींना आत बोलवत आणि दलितांना दारातच थांबवत, हे शब्दांचा इतिहास सांगताना वगळता येणार नाही. मुंबई कायदेमंडळातला १९२३ चा बोले ठराव अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने खुले करण्यापुरता होता. खाजगी हॉटेल त्यात येत नव्हते. तो दरवाजा राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने उघडला, आणि तिथे दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा वेगवेगळा, नाव घेऊन उल्लेख आहे.

जातीच्या विशेषणांबरोबरच दुसरी एक जात पाट्यांवर आली, स्वच्छतेची आणि आरोग्याची. दादरला १९१० मध्ये सुरू झालेले मामा काणे यांचे ‘स्वच्छ’ उपाहारगृह, नंतरचे तांबे आरोग्य भुवन, गिरगावातले विनय हेल्थ होम. बटाटेवडा आणि मिसळ देणाऱ्या जागेला ‘आरोग्य’ आणि ‘हेल्थ’ ही नावे का, असे आज वाटेल. ‘इथले खाऊन बाधणार नाही’ हा भरवसा त्या नावांनी दिला आणि पोटाला जपून बाहेर खाणारा मध्यमवर्गीय आत आला.

उपाहारगृहावरून एक सांगायलाच हवे, कारण निम्म्या पाट्यांवर ते ‘उपहारगृह’ असते. उपाहार म्हणजे उप अधिक आहार, हलके खाणे. उपहार म्हणजे भेट, नजराणा. एका काना न दिल्याने फराळाच्या जागेचे भेटवस्तूंचे दुकान होते. खानावळीतला न मी चालवून घेतो कारण त्यामागे बोली आहे. उपहारगृहामागे फक्त रंगाऱ्याची घाई आहे, तेव्हा तिथे मी आग्रह धरतो.

तिन्हींचे काम आजही वेगळे आहे. उपाहारगृहात पोहे-वडे, हॉटेलात काहीही, खाणावळीत पोटभर ताट. फक्त महिन्याच्या पैशांवर चालणारी, रोजचीच माणसे येणारी जी खरी खाणावळ, तिला पुण्यात विद्यार्थी आता ‘मेस’ म्हणतात. आणि ‘मालवणी खानावळ’ अशी झगमगती पाटी लावणाऱ्या जागेत सुरमईची थाळी रोख पैशांनी मिळते, उधारी नाही.