फक्त एचडीएमआय असलेला नवा ब्लू-रे प्लेअर जुन्या ट्यूबच्या टीव्हीला कसा जोडावा?

आपल्या टीव्हीला मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) पिना असतील, तर हे काम नक्की होईल; मात्र एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी केबल कृपया घेऊ नका, कारण तिच्यात डिजिटल सिग्नलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारे सर्किटच नसते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर मागावा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ हा दिसायला तसाच, पण उलट दिशेचा डबा असतो, म्हणून त्यावरील अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. कन्व्हर्टरला यूएसबीतून ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. डब्यावरील बारीक बटण ‘पाल’कडे (भारतातील जुन्या टीव्हींची रंगपद्धत) सरकवावे, अन्यथा काही संचांवर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वर-खाली सरकत राहते.

चित्र आले पण आवाज आला नाही, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’ऐवजी ‘पीसीएम’ करावा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. प्लेअरच्या सेटिंगमध्येच टीव्हीचा आकार ४:३ निवडावा. ब्लू-रेची स्पष्टता मात्र या जोडणीतून मिळणार नाही, आणि बारीक सबटायटल्स वाचताना ते विशेष जाणवेल.