बाल्साचा पहिला पंख बांधताना

बाल्सा या हलक्या लाकडाच्या मॉडेल विमानाच्या किटचा खोका उघडताच चिकटवायला घेऊ नका. आधी आराखडा सपाट पाटावर पसरून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा, म्हणजे गोंद कागदाला धरणार नाही. पंखाला बांधतानाच पीळ पडला, तर तो नंतर काढणे फार जिकिरीचे होते, म्हणून प्रत्येक रिब (पंखाला आकार देणारी आडवी फळी) आधी कोरडीच बसवून, गुण्याने काटकोन पाहून, टाचण्यांनी जखडा आणि मगच चिकटवा. रिबच्या खाचेत स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काठी) बोटाच्या हलक्या दाबाने बसला पाहिजे. ठोकावा लागत असेल, तर खाच पॉलिश पेपरने किंचित घासा. पंखाच्या मधल्या जोडाला मी सुपरग्लू कधीच वापरत नाही. तिथे ३० मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी गोंदच हवा. उडवण्यापूर्वी बॅटरीसह विमानाचा गुरुत्वमध्य (जिथे ते तोलून राहते तो बिंदू) आराखड्यावरील खुणेशी जुळवा. शेपूट जड भरल्यास बॅटरी पुढे सरकवा.