क्लास न लावता प्रोग्रामिंग कसं सुधारावं?

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पायथॉनचे व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळही सुचत नाही, असं तुम्ही विचारलंय. यावर अजून व्हिडिओ बघणं हा उपाय नाही. भाषाही बदलू नका. पायथॉन येत नाही म्हणून जावाकडे वळणारे जावातही तिथेच अडकतात.

बघितलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलमध्ये, काहीही न बघता लिहा. जिथे अडाल तेवढंच तुम्हाला येत नाही. अर्धा तास झगडूनही जमलं नाही तर तेवढाच भाग उघडून वाचा, बंद करा आणि परत लिहा. कॉपी-पेस्ट नाही.

एरर आली की ती शेवटच्या ओळीपासून वाचायची. चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथे लिहिलेलं असतं. मग वर सरकत आपल्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. लायब्ररीच्या (म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) फाइलींची नावं आली तर सध्या सोडून द्या. सिंटॅक्स एररमध्ये (लिहिण्याचे नियम मोडल्यावर येते ती) दाखवलेली ओळ बरोबर दिसत असेल, तर तिच्या वरची बघा. बरेचदा कंस तिथे उघडा राहिलेला असतो.

खरा कस लागतो तो एरर न देता चुकणाऱ्या प्रोग्राममध्ये. समजा, तीन मुलांचे गुण घेतले: ९, ८५, १००. सर्वांत जास्त कोणते, तर प्रोग्राम म्हणतो ९! कारण इनपुट फंक्शन नेहमी मजकूर देतं, आकडा नाही. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते आणि ‘९’ हे ‘८’ व ‘१’ दोन्हींच्या पुढे आहे. इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं की काम झालं, पण शोधायचं कसं ते शिका. व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) ओळ-क्रमांकाच्या डावीकडे क्लिक करून लाल ठिपका लावा, एफ५ ने चालवा, एफ१० ने एकेक ओळ पुढे जा आणि डावीकडच्या चौकटीत व्हेरिएबलमध्ये काय साठलंय ते बघत राहा. गुणांभोवती अवतरणचिन्हं दिसली की चोर सापडला. एका वेळी एकच बदल करा. पाच ओळी एकदम बदलल्या आणि प्रोग्राम चालला, तर तो कशामुळे चालला हे कळत नाही.

कोडफोर्सेसवर (प्रोग्रामिंगच्या सरावाची साइट) ८०० रेटिंगचे, म्हणजे सर्वांत सोपे, प्रश्न आठवड्याला तीन-चार पुरेत. प्रश्न वाचताना आधी मर्यादा बघा. दोन लाख आकडे असतील आणि तुम्ही लूपमध्ये (त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवणारा भाग) लूप घातला, तर ४००० कोटी फेऱ्या होतात. पायथॉनला सेकंदाला साधारण कोटभर साध्या फेऱ्या झेपतात, म्हणजे तासभर बसा. यादीत एखादा आकडा आहे का, हे लूपच्या आत तपासलं तरी हेच होतं, कारण यादी दर वेळी सुरुवातीपासून चाळली जाते. तिथे सेट वापरा, त्यात सगळं न चाळता आकडा सापडतो. उत्तर चुकतंय पण कुठे ते कळत नसेल, तर त्याच प्रश्नाचा हळू पण खात्रीचा प्रोग्राम लिहा, पाच-सहा आकड्यांचे रँडम इनपुट दोन्ही प्रोग्रामांना द्या आणि उत्तरं जुळत नाहीत तिथे थांबा. कंटाळवाणं आहे, पण चूक हमखास सापडते.

सोबत एक प्रकल्प हवाच, आणि तो रोज वापरात येणारा हवा. रूमवरच्या तिघांच्या खर्चाचा हिशेब घ्या. (लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम नको, ती निम्म्या वर्गाने एकमेकांची उतरवलेली असते.) १०० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ३३.३३ आणि एक पैसा गायब. पायथॉनच्या दशांश आकड्यांत ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि उरलेला पैसा कुणाच्या नावावर टाकायचा ते ठरवा. नावं मराठीत लिहिलीत तर विंडोजवर फाइलमध्ये साठवताना प्रोग्राम बहुधा कोसळेल. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या. तीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली, तर यूटीएफ-८-सिग द्या.

एआयला पूर्ण प्रोग्राम मागू नका. आधी आपला अंदाज एका वाक्यात लिहा, ‘मला वाटतं इथे यादी रिकामी येतेय’, मग तो बरोबर आहे का एवढंच विचारा.

आणि गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, आजच सुरू करा. प्रत्येक चालत्या टप्प्याला कमिट (म्हणजे नोंद), मेसेजमध्ये काय बदललं ते. रात्री अकराला सगळं मोडलं की ‘काल तर चालत होतं’ असं नुसतं म्हणत बसावं लागत नाही, गिट डिफ चालवून शेवटच्या कमिटपासून नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते बघता येतं.