किण्वन मध्येच थांबले, की पूर्ण झाले?

प्रश्न : मी पहिल्यांदाच घरी बिअर करीत आहे. माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून (मोड आणलेल्या धान्याच्या अर्कापासून) 20 लिटर वर्ट (आंबवण्याआधीचे गोड पाणी) केले, त्याचे सुरुवातीचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबेल तशी ती उतरते) 1.052 होते. त्यावर 11 ग्रॅम कोरडे एल यीस्ट (एल या प्रकारच्या बिअरचे यीस्ट) भुरभुरले. पहिले तीन दिवस भरपूर फेस आला, पाचव्या दिवसापासून एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतले) बुडबुडे बंद झाले. बाराव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशीही हायड्रोमीटरने (गुरुत्व मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीने) 1.022 दाखवले. पाककृतीप्रमाणे ते 1.012 ते 1.014 व्हायला हवे. मधल्या काळात रात्रीचे तापमान 14 अंश सेल्सिअसपर्यंत उतरत होते. वरून आणखी यीस्ट घालू का? की आता बाटल्या भरल्या तरी चालतील?

उत्तर : बाटल्या मात्र कृपया अजिबात भरू नका. गुरुत्व 0.001 ने उतरले की बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या बिअरमध्ये अजून नऊ अंक (0.001 म्हणजे एक अंक, 1.022 पासून 1.013 पर्यंत) आंबण्याजोगी साखर शिल्लक असेल आणि ती बंद बाटलीत आंबली, तर सुमारे साडेचार आकारमान वायू तयार होईल. नेहमीच्या बिअरमध्ये तो अडीचच्या आसपास असतो. शिवाय फेसासाठी बाटलीत आपण घालणार त्या साखरेचा वायू वेगळाच. अशी बाटली हातात फुटून माणूस गंभीर जखमी होऊ शकतो, म्हणून हे सर्वांत आधी लिहिले.

एअरलॉक शांत झाला यावरून काहीच ठरत नाही, कारण झाकण किंचित सैल असले तरी वायू तिथूनच निघून जातो. आपण तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजलेत, ते योग्यच केलेत. फक्त हायड्रोमीटर एकदा 20 अंशांच्या साध्या पाण्यात सोडून पाहावा. (काही हायड्रोमीटर 15.6 अंशांसाठी आखलेले असतात, ते त्यावरच छापलेले असते.) पाण्यात तो 1.000 ऐवजी 1.004 दाखवत असेल, तर प्रत्येक नोंदीतून चार अंक वजा करावेत. मोजताना नळी बोटांनी हलकेच फिरवावी, म्हणजे काचेला चिकटलेले वायूचे बारीक बुडबुडे सुटतात, नाहीतर ते हायड्रोमीटरला वर उचलून धरतात आणि आकडा उगीच जास्त दिसतो.

नोंद खरी धरली, तर 52 पैकी 30 अंक उतरले, म्हणजे सुमारे 58 टक्के. बहुतेक एल यीस्ट 70 ते 80 टक्क्यांपर्यंत जातात. माझा पहिला संशय रात्रीच्या 14 अंशांवर आहे. एल यीस्टला साधारण 18 ते 22 अंश मानवतात. थंडी लागली की त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात, आणि वर साखर शिल्लक असूनही त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत. भांडे 20 ते 21 अंशांच्या स्थिर जागी आणावे आणि झाकण न उघडता ते तिरपे करून सावकाश गोल हलवावे. तळाचा सायीच्या रंगाचा थर ढगासारखा वर उठू लागला की थांबावे. जोराने घुसळू नये, कारण या टप्प्यावर प्राणवायू मिसळला तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. त्यानंतर तीन दिवस वाट पाहावी.

याच तीन दिवसांत एक छोटी चाचणी करावी, आणि नवशिक्याने ती टाळू नये असे मला मनापासून वाटते. निर्जंतुक बाटलीत 200 मिलिलिटर बिअर घेऊन त्यात चमचाभर कोरडे यीस्ट घालावे, तोंडावर फॉइल सैलसर ठेवावी, बाटली 25 अंशांच्या आसपास ठेवून अधूनमधून हलवावी. हा नमुना 1.013 पर्यंत उतरला, तर साखर शिल्लक आहे आणि अडचण यीस्टची आहे. तो 1.021 वरच राहिला, तर वर्टमध्ये यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनेच (लांब साखळीची कर्बोदके) जास्त आहेत. काही माल्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये असे होते. मग आपली बिअर अडलेली नसून पूर्ण झालेली आहे, थोडी गोडसर आणि जड लागेल इतकेच. मुख्य भांड्यातले गुरुत्वही तीन दिवस हलले नाही, तर ती निःशंकपणे बाटल्यांत भरावी.

चाचणीचा नमुना उतरला आणि मुख्य भांडे मात्र जागचे हलले नाही, तरच नवे यीस्ट घालावे, पण कोरडे भुरभुरू नये. अल्कोहोल तयार झालेल्या आणि प्राणवायू संपलेल्या द्रवात कोरड्या पेशींचा निभाव लागत नाही. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम कोरडे माल्ट एक्स्ट्रॅक्ट दहा मिनिटे उकळावे, 20 अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट सोडावे आणि फेस भरात आला की ते सगळे मिश्रण भांड्यात ओतावे. साधी साखर घालून यीस्टला चेतवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. यीस्ट ती सोपी साखर आधी संपवते आणि माल्टोज (वर्टमधली मुख्य साखर) पुन्हा मागे पडते.

प्रश्न : माझीही बिअर 1.027 वर अडली आहे. सुरुवात 1.052 होती. मी रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाने) मोजतो.

उत्तर : बहुधा ती अडलेली नाही. अल्कोहोलमुळे प्रकाशाचे वक्रीभवन बदलते आणि किण्वनानंतर रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा बराच जास्त येतो. 1.052 पासून निघून 1.013 वर पोचलेली बिअर त्यावर 1.027 च्या आसपास दिसते. हायड्रोमीटरने एकदा मोजून मगच पुढचे ठरवावे.